गादीखालची ऊब

१

हिनोसावाला स्टेशन म्हणायचं ते गाडी थांबते म्हणून. एक रूळ, एक फलाट आणि लाकडी मुसाफिरखाना, एवढाच त्याचा संसार. तिकिटाच्या खिडकीवर फळी ठोकून कैक वर्षं झाली होती. रेल्वेने आपला माणूस उचलून नेला तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, ठीक आहे, झाडून तर आम्हीही काढू शकतो. तेव्हापासून स्टेशन बायकांच्या हातात होतं, आणि खरं सांगायचं तर रेल्वेच्या हातात होतं त्यापेक्षा बरं दिसत होतं.

या कामाच्या पाळ्या लावलेल्या होत्या. पण हात्सुए आपली पाळी संपली तरी यायची, आणि कुणी त्याबद्दल तिला विचारत नसे. दुपारच्या गाडीआधी ती हजर. फलाटावरचा बर्फ फावड्याने ओढायचा, रॉकेलची शेगडी पेटवायची आणि बाकावरच्या गाद्या झटकायच्या. या गाद्यांचा हिनोसावाला मोठा तोरा होता. जुन्या किमोनोंचं कापड, आत कापूस, चौकोनी शिवण. प्रत्येक घरची एक. त्यांचा एक नियमही होता. बाकावरून उठताना आपली गादी उलटून ठेवायची. मागून येणाऱ्याच्या अंगाखाली आपली ऊब कशाला? त्याला स्वच्छ, गार बाजू मिळायला हवी.

हात्सुएची मैत्रीण सुमिए जन्मभर या नियमावर कुरकुरत आली होती. "बाहेर एवढी हाडं गोठवणारी थंडी, आणि बसायला गार गादी. दुसऱ्याची ऊब मिळाली तर ती काय अंगाला चिकटते?"

"आमच्या ह्यांचा नियम आहे," हात्सुए म्हणायची, आणि विषय संपायचा. कारण हे म्हणजे गेन्झो, हिनोसावाचा शेवटचा स्टेशनमास्तर, आणि तो आता हयात नव्हता.

फेब्रुवारी संपत आला होता. रात्रभर पडून बर्फ सकाळी थांबला. दुपारी हात्सुए आली तेव्हा रस्त्यापासून दारापर्यंत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. फलाटावरही नाही. सकाळच्या गाडीला कुणी चढलं नाही की उतरलं नाही, हे बर्फाकडे पाहूनच कळत होतं. तिने सरकतं दार ढकललं आणि सवयीने बाकाकडे नजर टाकली.

प्रत्येक गादीची एक बाजू फुलांची, दुसरी पट्ट्यांची. काल निघताना तिने सगळ्यांची फुलं वर केली होती. आज खिडकीजवळच्या, अगदी टोकाच्या गादीचे पट्टे वर आले होते.

"ही सुमिए म्हणजे," ती पुटपुटली. मग तिला दारातला कोरा बर्फ आठवला.

गादी सरळ करायला तिने हात घातला. वरची बाजू गारठलेली होती आणि तसंच असायला हवं होतं, शेगडी अजून पेटायची होती. पण बोटं गादीखाली गेली आणि तिथेच थांबली. खालची बाजू गरम होती. उन्हाने तापते तशी नव्हे. बराच वेळ बसलेलं माणूस नुकतंच उठून गेलं की मागे राहते ती ऊब.

हात्सुएने हात काढून घेतला. मग तिने शेगडी पेटवली, कारण ते काम राहिलं होतं.

२

हात्सुए भाबडी बाई नव्हती. सगळं आयुष्य स्टेशनमास्तरच्या घरात गेलेलं. गाडी उशिरा आली तर तिच्यामागे काहीतरी साधं कारण असतं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. मांजर असेल, असं तिने घरी जाताना ठरवलं. रस्ता संपेपर्यंत ते पटलंही. दार उघडताना मात्र तिच्या लक्षात आलं की मांजर गादीवर झोपतं, गादी उलटत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. सगळ्या गाद्या जागच्या जागी, फक्त टोकाची उलटलेली, आणि खाली ती ऊब. हात्सुए वेळ बदलून पाहू लागली. कधी सकाळची गाडी जाताच यायची, कधी दुपारी उशिरा. फरक पडत नव्हता. तिची चाहूल लागताच कुणीतरी रीतसर उठायचं आणि तिला जागा करून द्यायचं, असं वाटायला लागलं. हा विचार तिला आवडला नाही.

शेवटी तिने सुमिएला विचारलं.

"तू येऊन बसतेस का गं इथे, माझ्या आधी?"

"मी? या थंडीत? घरी मला कुणी बसू देत नाही असं वाटतं का तुला?"

"टोकाची गादी रोज उलटलेली असते."

"मग कुणी बसत असेल. स्टेशन आहे, बसायलाच बांधलंय."

"कोण बसत असेल?"

हिनोसावात आता उरलेली माणसं सगळी ओळखीची, आणि हिवाळ्यात त्यांतलं कुणी गरम पांघरुणाबाहेर पाय काढत नव्हतं. "हात घाल खाली," हात्सुए म्हणाली. सुमिएने हसत हसत हात घातला. हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं, नुसतं, मागे काही नसलेलं.

"शेगडी," ती म्हणाली.

"अजून पेटवली नाही मी."

"मग पेटव ना बाई, उभी काय राहिलीस," सुमिए म्हणाली आणि बाहेर जाऊन फावडं घेऊन बर्फ ओढायला लागली. तिची पाळी नव्हती. त्या दिवसानंतर ती बाकाच्या त्या टोकाकडे फिरकली नाही, आणि दुसऱ्याच्या उबेबद्दलची तिची कुरकुरही बंद पडली.

दोघींच्या मनात एकच नाव आलं होतं. दोघींनी ते तोंडातून काढलं नाही.

३

शुहेई हात्सुएचा एकुलता एक मुलगा. शहरात नोकरीला होता. एका वसंतात त्याने खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, दार ओढून घेतलं आणि तो नाहीसा झाला. भांडण नाही, आजार नाही, मागे काही लफडं नाही. अशी माणसं असतात. एक दिवस स्वतःच्या आयुष्यातून उठून चालती होतात, आणि त्यांच्या घरचे लोक शेजाऱ्यांशी बोलताना तो विषय टाळायला शिकतात. गेन्झो मात्र टाळत नव्हता. तो आपला रोज दुपारी स्टेशनवर जाऊन बसायचा. "आला तर गाडीनेच येईल," एवढंच म्हणायचा. असं बसता बसताच त्याला शेवटचं दुखणं लागलं.

तेव्हापासून हात्सुएच्या घरात दोन ताटं मांडली जात. गेन्झोचा भात देव्हाऱ्यात, त्याच्या फोटोपुढे, उदबत्ती लावून. शुहेईचं ताट जेवायच्या टेबलावर, त्याच्या जागी. परगावी गेलेल्या माणसाचं पोट तिकडे रिकामं राहू नये म्हणून घरी त्याचं ताट मांडतात, ही त्या मुलखातली जुनी रीत. देव्हाऱ्यातलं ताट मेलेल्याचं, टेबलावरचं जिवंताचं. ही दोन ताटं कधी एका ठिकाणी मांडायची नाहीत.

मार्चच्या सुरुवातीला गेन्झोचा धाकटा भाऊ यासुनोरी घरी आला. येताना त्याने गोड पोळ्यांचा डबा आणला, आणि डबा बराच वेळ हातातच धरून बसला. त्यावरून हात्सुएला कळलं की बोलणं अवघड आहे.

"वहिनी, सात वर्षं झाली," तो म्हणाला.

"मला मोजता येतं, भावजी."

"तसं नाही म्हणत मी. सात वर्षं पत्ता नसला की घरच्यांच्या अर्जावरून कोर्ट माणसाला गेला असं ठरवतं. या महिन्यात दिवस-रात्र सारखी होतात त्या समदिनाला सगळे कबरी धुवायला येणारच आहेत. तेव्हाच भटजींकडून त्याचं सगळं रीतसर करून घेऊ. दादाच्या शेजारी नाव कोरू."

"आणि तो आला तर?"

"वहिनी." यासुनोरीने टेबलावरच्या ताटाकडे पाहिलं. सार निवून तळाशी गाळ बसला होता. "तो नसेल तर त्याची काय अवस्था असेल, याचा विचार केलाय? ना उदबत्ती, ना नाव. तुम्ही इथे त्याला जेवू घालताय आणि तो तिकडे दारोदार फिरतोय."

यासुनोरी वाईट माणूस नव्हता. त्याला मनापासून वाईट वाटत होतं, आणि म्हणूनच त्याचं बोलणं तिच्या जिव्हारी लागलं. समदिनापर्यंत सांगते, असं ती म्हणाली. तो गेल्यावर तिने गोड पोळ्यांचा डबा न उघडताच फळीवर ठेवून दिला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी सुटायला उशीर झाला. एक डब्याची गाडी, तिच्यात एकटा चालक. नवा मुलगा होता, कुरोसे नावाचा, दोनच महिन्यांपूर्वी या मार्गावर आलेला. तो सगळं नियमाने करायचा. पांढऱ्या हातमोज्याचं बोट आधी फलाटाकडे, मग दारांकडे, मग पुढच्या सिग्नलकडे दाखवायचा, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचा, "मोकळं!" त्या दिवशी त्याचं बोट मुसाफिरखान्याकडे वळलं आणि हवेत राहिलं.

फलाटावर उभ्या हात्सुएने विचारलं, "काय झालं, कुरोसेसान?"

"आतले गृहस्थ येणार आहेत का? थांबू का त्यांच्यासाठी?"

"आत कुणी नाही."

"नाही कसं? आत्ता काच पुसली ना कुणीतरी."

हात्सुएने मागे वळून पाहिलं. आतल्या शेगडीने खिडकीची काच वाफेने पांढरी झाली होती. तिच्यात एक जागा स्वच्छ पुसलेली होती, रुळाच्या दिशेने बाहेर पाहण्यापुरती. पुसलेल्या जागेपलीकडे कुणी नव्हतं.

"मीच पुसली मघाशी," ती म्हणाली. कुरोसेने मान हलवली, बोट दाखवलं, "मोकळं!" म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. पण त्याने "मोकळं" म्हटलं ते तिच्या मनाला लागून राहिलं, कारण नियमाने चालणाऱ्या त्या मुलाच्या आवाजात खात्री नव्हती.

ती आत गेली नाही. दार ओढून घेऊन तडक घरी निघाली. वाटेत तिच्या मनाने सगळा हिशेब जुळवला. आला तर गाडीनेच येईल, असं हे म्हणायचे. तो आला होता. गाडीने नाही, त्याला आता गाडीची गरज राहिली नव्हती. इथवर येऊन घरी यायचं धाडस झालं नाही म्हणून स्टेशनात बसून राहिला होता. लहानपणी काही फोडलं-तोडलं की असाच इथे येऊन बसायचा. आणि आई रोज येऊन त्याच्यासमोर बाक झटकून जात होती.

घरी येऊन तिने दिवाही लावला नाही. टेबलावरचं शुहेईचं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि देव्हाऱ्यात, गेन्झोच्या वाटीशेजारी ठेवलं. उदबत्ती लावताना काडी तीनदा विझली. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि सात वर्षांत रडली नव्हती तेवढी रडली. गेन्झोचा फोटो नेहमीप्रमाणे कडक चेहऱ्याने पाहत होता. त्या चेहऱ्यावर नाराजी आहे असं तिला वाटलं, पण गेन्झोच्या प्रत्येक फोटोत ती असायचीच.

५

सकाळी तिने भाताचा गोळा केला, आत खारवलेलं आंबट फळ घातलं, शुहेईला आवडायचं तसं. स्टेशनवर गेली तेव्हा गादी उलटलेली होती. तिने ती सरळ केली, शेगडी पेटवली, शेजारच्या गादीवर बसली आणि भाताचा गोळा मधे ठेवला.

"शुहेई," ती म्हणाली. "समदिनाला तुझं सगळं करून घेते मी. नाव कोरून घेते. मग तुला असं बसायला लागणार नाही. रागावले नाही मी. एवढंच सांगायला आले."

खोलीत छपरावरून पाणी ठिबकल्याचा आवाज होता. बर्फ वितळायला लागला होता. तेवढ्यात बाहेर छपरावरची एक मोठी थप्पी घसरली आणि धाडकन फलाटावर पडली. गाडीच्या वाटेत नको म्हणून हात्सुए फावडं घेऊन बाहेर गेली. दार तिच्यामागे ओढलेलं होतं. ती वाकून बर्फ ढकलत असताना आतून आवाज आला.

कापसाच्या गादीचा तो आवाज होता. आधी कापड सरकल्याचा, मग हाताने दोनदा थोपटल्याचा. थप, थप.

हात्सुए फावड्याच्या दांड्यावर रेलून तशीच उभी राहिली. पळून जावं असं तिच्या पायांना वाटलं. पण डोक्यात काहीतरी अडकलं होतं, चालत्या गाडीच्या चाकात काठी अडकावी तसं. तिने दार उघडलं. गादीचे पट्टे वर होते. खिडकीच्या काचेत पुन्हा स्वच्छ जागा होती. ती पुढे जाऊन काचेसमोर उभी राहिली. टाचा उंच केल्या तरी पुसलेली जागा तिच्या डोक्याच्या वरच राहिली.

शुहेई तिच्यावर गेला होता. बुटका.

आणि शुहेईने जन्मात कधी गादी उलटली नव्हती. शाळेतून येऊन, कॉलेजातून येऊन, नोकरीतून सुट्टीला येऊन, दर वेळी उठून तसाच चालायला लागायचा, आणि बाप मागून ओरडायचा, मागून येणाऱ्याला तुझी ऊब कशाला रे. ओरडून मग स्वतःच गादी उलटायचा. उलटून वर दोनदा थोपटायचा.

"अहो," हात्सुए म्हणाली.

गेन्झो जिवंतपणीही एका हाकेला उत्तर देत नसे. तिने गादीखाली हात घातला आणि या वेळी काढून घेतला नाही. भीती गेली नव्हती. पण त्या उबेत हात ठेवून बसल्यावर तिला दुसरी एक गोष्ट हळूहळू उमगत गेली, आणि ती उमगल्यावर तिने दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरलं.

हे इथे वाट बघत बसले होते. मुलगा मरून तिकडे त्यांच्याजवळ पोचला असता, तर त्यांना इथे बसायचं कारण काय?

घरी जाऊन तिने आधी देव्हाऱ्यातलं ताट उचललं. "चुकलं माझं," असं गेन्झोच्या फोटोला सांगितलं आणि ताट पुन्हा टेबलावर, शुहेईच्या जागी मांडलं. त्या दिवशी त्यात दोन मासे वाढले.

६

समदिनाच्या आदल्या दिवशी यासुनोरी उत्तर घ्यायला आला तो थेट स्टेशनवरच. कोट, टोपी, हातात अर्जाच्या कागदांची चामडी पिशवी.

"नाही," हात्सुए म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"अर्ज करायचा नाही. नाव कोरायचं नाही. शुहेई जिवंत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या दादांनी."

यासुनोरीने सुस्कारा टाकला. मोठ्या भावजयीशी कसं बोलावं याचा त्याला नेहमीच प्रश्न पडायचा. "वहिनी, चला, आधी बसू. तुम्ही एकट्या फार राहता. सुमिएबाईंकडे जाऊन राहा काही दिवस." बोलत बोलत तो बाकाच्या टोकाला गेला. आधाराला त्याने टोकाच्या गादीखाली बोटं सरकवून बाकाची कड धरली आणि खाली बसता बसता अर्ध्यात थांबला.

त्याने गादीची कड उचलली. तळवा खाली सरकवला.

"शेगडीची ऊब आहे," तो म्हणाला.

"हो," हात्सुए म्हणाली. शेगडी गार होती, हे त्यालाही दिसत होतं.

यासुनोरी बसला नाही. गाडी यायला अवकाश होता, दुसऱ्या गाद्या रिकाम्या होत्या, तरी तो दाराशी जाऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला, लहानपणी मोठ्या भावासमोर उभा राहत असेल तसा. गाडीत चढताना म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, वहिनी." पिशवी उघडलीसुद्धा नव्हती त्याने.

समदिन आला. कबर धुऊन, फुलं ठेवून झाल्यावर हात्सुए नेहमीच्या वेळी स्टेशनवर गेली. सकाळपासून ओला, जड बर्फ पडत होता, वसंताच्या तोंडावर पडतो तसा. तिने दार सरकवलं.

गाद्यांची फुलं वर होती. सगळ्यांची. टोकाच्या गादीचीसुद्धा.

तिने खाली हात घातला. गार. वर गार, खाली गार. तिने शेगडी पेटवली आणि वाट पाहिली. काच वाफेने भरून आली, पांढरी झाली, आणि कुणी ती पुसली नाही. खोली नुसती खोली होती. गेल्या महिनाभरात जिच्यामुळे हात्सुएची झोप उडाली होती ती गोष्ट निघून गेली होती, आणि त्या रिकामपणाची तिला त्या गोष्टीपेक्षाही जास्त भीती वाटली.

कारण ह्यांनी वाट बघणं थांबवलं होतं. वाट बघणारा कधी थांबतो? ज्याची वाट बघायची तो भेटला की. तिने ज्या विचाराच्या आधाराने यासुनोरीला परत पाठवलं होतं, तोच आता उलटा फिरून तिच्या अंगावर आला. आजच पोचला असेल का तिकडे? आज, समदिनाला? तिने बाकाची कड धरून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या टोकाच्या गादीला हात जोडले आणि म्हणाली, "बसा ना हो. अजून थोडं बसा."

७

गाडीचा आवाज बर्फात दबून आला. हात्सुए बाहेर आली, कारण गाडी येताना फलाटावर उभं राहायचं ही या स्टेशनची शिस्त होती, आणि शिस्त सोडली तर दुसरं धरायला काहीच नव्हतं.

डबा तिच्यासमोरून हळू होत पुढे सरकला. खिडक्या आतल्या वाफेने पांढऱ्या होत्या. एका खिडकीत दोन डोकी दिसली. एक खाली घातलेलं, काचेला टेकलेलं. त्याच्या शेजारी दुसरं, उंच, ताठ, समोर पाहणारं, टोपीसारखं काहीतरी घातलेलं. काच पुढे गेली.

गाडी थांबली. पुढचं दार उघडलं, उतरायचं. आणि मागचंही उघडलं, चढायचं, चढणारं कुणी नसताना. पुढच्या दारातून एक माणूस उतरला. चाळिशीचा, बुटका, अंगावर पातळ कोट, केस कानांवर पांढरे झालेले. एकटाच. त्याच्यामागे डब्यात कुणी नव्हतं.

कुरोसेने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, हे तुमच्याकडचेच का? दोन दिवस जंक्शनवर बसून होते. मी गाडी लावायचो, हे नुसते बघायचे, गाडी सुटायची. आज एकदम उठले. कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखे." एवढं बोलून त्याने सवयीने मागच्या दाराकडे बोट दाखवलं, क्षणभर थांबला, कुणाला तरी वाट देतात तसा, आणि मग म्हणाला, "मोकळं." या वेळी त्याला शंका नव्हती.

तो माणूस फलाटावर उभा राहून कमरेत वाकला. परक्याच्या घरी गेल्यावर वाकतात तसा, खूप खोल, आणि वर येईना. सात वर्षं हात्सुएने या वेळेसाठी शब्द जुळवून ठेवले होते. रागाचे वेगळे, मायेचे वेगळे. त्यातला एकही जागेवर सापडला नाही. ती पुढे गेली, हातमोजा ओढून फेकला आणि त्याचं मनगट धरलं.

बर्फाच्या लादीसारखं गार होतं.

तिने त्याचा दुसरा हात धरला. तोही तसाच. गालाला हात लावला. गार, ओला. महिनाभर त्या खोलीत जे काही होतं ते उबदार होतं, आणि हा, हाडामासाचा समोर उभा असलेला, एवढा गार कसा? बर्फ त्याच्या केसांवर पडत होता आणि लगेच वितळत नव्हता. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. श्वास पाहत होती ती, त्याच्या श्वासाची वाफ, दिसते की नाही ते.

वाफ दिसली. मग त्याने जोरात नाक ओढलं. त्याचे दात थंडीने कडकडत होते, ओठ निळे पडले होते, तसाच तो कसाबसा वर आला.

"आई," तो म्हणाला, "नाक पुसायला काही आहे का?"

गाडीला उशीर होत होता. कुरोसेने ती धरून ठेवली. हात्सुएने गळ्यातला टॉवेल सोडला आणि चाळिशी ओलांडलेल्या आपल्या मुलाचं नाक तिथेच फलाटावर, चालकादेखत, स्वतःच्या हाताने पुसलं.